चकली संपली, पैसे कुठे गेले?

भाऊबीजेची संध्याकाळ. पंधरा दिवस पेटलेली शेगडी आता थंड झाली आहे, सोऱ्या धुऊन पालथा घातला आहे आणि ताई मांडी घालून पैसे मोजत बसल्या आहेत. चाळीस किलो चकली गेली. शेवटचे दोन दिवस तर आलेल्या गिऱ्हाइकांना हात जोडून परत पाठवावं लागलं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कौतुकाचे निरोप अजून येत आहेत. किलोला ३२० रुपये भाव, म्हणजे विक्री झाली १२,८०० रुपयांची. हातात मात्र नोटा आणि फोनवर जमा झालेली रक्कम धरून दोन हजारही भरत नाहीत. पैसे कुणी चोरलेले नाहीत, माल परत आलेला नाही. मग गेले कुठे?

घरून फराळ, मसाले, लोणची, शिवण, मेंदी, ब्यूटी पार्लर असा काही ना काही उद्योग करणाऱ्या बाईला हे कोडं परकं नाही. त्यावर दोन ठरलेली उत्तरं ऐकू येतात. एक म्हणजे, ‘बायकांना व्यवहार कळत नाही.’ दुसरं, जरा मायेनं दिलेलं, ‘हाताला चव आहे ना, मग होईल सगळं.’ मला ही दोन्ही उत्तरं चुकीची वाटतात. चकली खुसखुशीत करणं हे एक कौशल्य आहे आणि चकलीच्या पैशाचा माग ठेवणं हे दुसरं. पहिलं आईकडून, सासूकडून, शेजारणीकडून मिळतं. दुसरं कुणी शिकवतच नाही. आणि ते शिकलं तरी टिकतं कधी? पैशावर त्या बाईचाच हात असेल तेव्हा. ताईंचे हे १२,८०० रुपये कुठून कुठे गेले, ते एकेका रुपयाच्या मागे जाऊनच बघू.

भाव ठरला कसा?

ताईंना विचारलं की ३२० हा भाव कुठून आला, तर उत्तर सरळ येतं : ‘कोपऱ्यावरच्या दुकानात ३६० आहे, म्हणून मी ३२० लावला.’ म्हणजे भाव ठरला तो दुकानाच्या पाटीकडे बघून. स्वतःच्या खर्चाकडे बघणं राहूनच गेलं.

समजा, एक किलो चकलीला भाजणीचं धान्य आणि दळण ७० रुपये, मोहनाचं आणि तळणीचं मिळून तेल ५५ रुपये, तीळ, तिखट, ओवा, मीठ २० रुपये. झाले १४५. ताईंच्या मनातला हिशेब इथंच थांबतो. ३२० वजा १४५ म्हणजे किलोमागे १७५ रुपये सुटले, चाळीस किलोंचे सात हजार. दिवाळी साजरी!

आता मनात न धरलेल्या गोष्टी बघा. गॅस २५ रुपये. पिशवी आणि लेबल १० रुपये. माल पोचवायला रिक्षा, किलोमागे १० रुपये. मोडलेल्या चकल्या कुणी विकत घेत नाही, त्या घरात खाल्ल्या जातात किंवा कामवाल्या मावशींना दिल्या जातात, त्यांचे १० रुपये धरा. ‘एक चव बघा ना’ म्हणून हातावर ठेवलेल्या चकल्यांचे ५. हे झाले ६० रुपये. खर्च १४५ वरून २०५ वर गेला. सात हजारांचे राहिले ४,६००.

अजून एक खर्च उरला आहे आणि तोच सगळ्यात मोठा आहे. भाजणी भाजण्यापासून पिशवी बंद करेपर्यंत एका किलोमागे ताईंचा साधारण एक तास गेला. त्या तासाचे किती? ‘अहो, ते काय, घरचंच तर आहे!’ हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलं आहे की आता ते ऐकलं की काळजात कळ येते. त्या तासाला कुणी दुसरी बाई मदतीला ठेवली असती, तर तिला ६० रुपये तरी द्यावे लागले असते. ते धरले की खर्च २६५ होतो आणि किलोमागे खरा नफा उरतो ५५ रुपये. चाळीस किलोंचे २,२०० रुपये.

हातात पैसे तेवढेच येणार, मग मजुरी वेगळी आणि नफा वेगळा कशाला मोजायचा? ताई एकट्या करतात तोवर खरंच फारसा फरक पडत नाही. फरक पडतो धंदा वाढायला लागतो त्या दिवशी. एक दुकानदार येतो आणि म्हणतो, ‘ताई, दर महिन्याला पन्नास किलो द्या, माझं कमिशन वीस टक्के.’ ताई हरखतात. ३२० चे वीस टक्के म्हणजे ६४ रुपये. पन्नास किलो एकटीच्यानं होणार नाही, म्हणून मदतीला बाई ठेवतात, ६० रुपये तासानं. नफा होता ५५, त्यातून द्यायचे ६४. आता प्रत्येक किलोमागे नऊ रुपये पदरचे जातात. जितकी जास्त विक्री, तितका मोठा खड्डा. तीन महिन्यांनी ताई काम बंद करतात आणि लोक म्हणतात, ‘झेपलं नाही बिचारीला.’ तिची मेहनत कुठेच कमी पडली नव्हती. भाव ठरवतानाच स्वतःचा तास फुकट धरला होता आणि तो फुकटचा तास विकत घ्यायची वेळ आली तेव्हा पैसे नव्हते.

२०१३-१४ मध्ये झालेल्या सहाव्या आर्थिक गणनेत देशभरात महिलांच्या मालकीच्या सुमारे ८० लाख ५० हजार आस्थापना मोजल्या गेल्या. एकूण आस्थापनांच्या त्या १३.७६ टक्के. त्यांतल्या ८३ टक्क्यांहून अधिक ठिकाणी पगारावर ठेवलेलं एकही माणूस नव्हतं. याची कारणं अनेक असतील आणि कित्येकींना वाढायचंच नसेल. पण एकटीच्या हातांकडून दुसऱ्या माणसाच्या पगाराकडे जाणारी पायरी किती उंच आहे, ते या आकड्यावरून दिसतं. त्या पायरीवर अडखळणाऱ्या कितीतरी जणींचा पाय पहिल्या दिवशीच्या भावात अडकलेला असतो.

विरजण खाल्लं की उद्या दही नाही

२,२०० नफा आणि २,४०० मजुरी मिळून ताईंच्या हातात ४,६०० रुपये तरी दिसायला हवे होते. दिसतात दोन हजारांच्या आत. उरलेल्यांचा माग घरातच लागतो. नवव्या दिवशी मुलाच्या क्लासची फी गेली, त्याच पाकिटातून. वसुबारसेला नणंदेची साडी, त्याच पाकिटातून. मधेच घरचा सिलिंडर संपला. आणि चकलीसाठी आणलेल्या तेलातून घरची शंकरपाळीही तळली गेली. घरासाठी कमावलेले पैसे घराला लागले, यात गैर काय? एवढंच, की त्या पाकिटात फक्त कमाई नव्हती.

दही लावणारी कुठलीही बाई रोज एक गोष्ट न चुकता करते. सगळं दही वाढण्याआधी चमचाभर विरजण बाजूला काढते. पाहुणे आले, मुलं मागे लागली, तरी ते विरजण कुणाच्या पानात जात नाही. धंद्यातलं भांडवल म्हणजे हे विरजण. १२,८०० रुपयांपैकी ८,२०० रुपये ही धान्य, तेल, गॅस, पिशव्या यांची रक्कम होती. ती पुढच्या खेपेचं विरजण होती. ताईंनी भाजणीचं धान्य वाण्याकडून उधारीवर आणलं होतं, त्याचे पैसे याच रकमेतून फेडायचे होते. पण एकाच पाकिटात दही आणि विरजण एकत्र झालं की कुठलं खायचं आणि कुठलं ठेवायचं, ते डोळ्यांना दिसत नाही.

खरं तर पैसे वेगळे ठेवण्याची कला आपल्या बायकांना कुणी शिकवायला नको. तूरडाळीच्या डब्यात तळाशी आजारपणाचे, तांदळाच्या कोठीत लेकीच्या बाळंतपणाचे, देवाच्या फोटोमागे वारीचे. एका पैशाचा हात दुसऱ्या पैशाला लागू न देता संसार चालवलेल्या आज्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. धंद्याच्या पैशाला तेवढा डबा मिळालेला नसतो.

हा डब्याचा उपाय किती कामाचा आहे, ते दूरच्या एका देशात तपासलं गेलं. डॉमिनिकन रिपब्लिक हा कॅरिबियन समुद्रातला देश. तिथं लहान धंदे करणाऱ्या, बहुतेक महिला असलेल्या कर्जदारांचे अर्थतज्ज्ञांनी गट पाडले. एका गटाला रीतसर हिशेबशास्त्र शिकवलं : जमा, नावे, खेळतं भांडवल, नफ्याचं गणित. दुसऱ्या गटाला फक्त सोपे ठोकताळे दिले. धंद्याचे पैसे एका खणात, घरचे दुसऱ्या खणात. एका खणातून दुसऱ्यात पैसे न्यायचे तर चिठ्ठी लिहून. स्वतःला ठरलेला पगार घ्यायचा. २०१४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. रीतसर शिक्षण घेतलेल्यांच्या व्यवहारात मोजता येईल असा फरक पडला नव्हता. ठोकताळे शिकलेल्यांचे हिशेब सुधारले होते. कारण समजण्यासारखं आहे. रात्री दहा वाजता ओटा आवरून झाल्यावर कीर्द-खतावणी लिहायला डोकं उरत नाही. दोन डब्यांपैकी योग्य डब्यात नोट टाकायला मात्र डोकं लागत नाही.

चौकट : दोन डब्यांची रीत

विक्रीचा प्रत्येक रुपया आधी धंद्याच्या डब्यात. फोनवर पैसे येत असतील तर त्यासाठी वेगळं बँक खातं, तोही धंद्याचाच डबा.

आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी धंद्याच्या डब्यातून स्वतःचा पगार काढायचा, केलेल्या तासांप्रमाणे. तो घरच्या डब्यात. मधल्या दिवसांत हात लावायचा नाही.

फारच नड आली तर धंद्याच्या डब्यातून घ्यायचे, पण तारीख आणि रक्कम लिहिलेली चिठ्ठी आत टाकायची. परत ठेवले की चिठ्ठी फाडायची.

घरात वापरलेलं धंद्याचं तेल, पीठ, साखर ही सुद्धा उचलच. तिचीही चिठ्ठी.

महिनाअखेरीला पुढच्या खेपेच्या मालाचे पैसे बाजूला काढून डब्यात जे उरेल, तो नफा.

पैसा आला, पण उशिरा

भाव बरोबर आहे, डबे वेगळे आहेत, तरी धंदा गुदमरतो असंही होतं. तेव्हा दोष असतो तारखांचा. खर्च आज करावा लागतो आणि पैसे महिन्यानं येतात. मधल्या काळात धंदा ज्या पैशावर श्वास घेतो, त्याला खेळतं भांडवल म्हणतात.

याचं मुंबईच्या गिरणगावापेक्षा बोलकं उदाहरण मला माहीत नाही. कोकणातून, साताऱ्याकडून आलेले गिरणी कामगार बायकामुलांना गावी ठेवून लालबाग-परळच्या चाळींत दाटीवाटीनं राहायचे. त्यांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या बाया म्हणजे खाणावळवाल्या. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या आणि पाळीच्या वेळेप्रमाणे डबे भरायचे. जेवणाराचे पैसे मिळायचे पगाराच्या दिवशी, म्हणजे महिनाभर जेवून झाल्यावर. तोवर तांदूळ, डाळ, रॉकेल आणायचं कुठून? वाण्याकडून उधारीवर. उधारीचा माल महाग, वर व्याज. अडीअडचणीला मंगळसूत्र किंवा पितळेची भांडी सावकाराकडे गहाण. बारा-चौदा तास राबून या बाया नफा कमवत होत्या, पण तो त्यांच्या हातात येण्याआधीच वाणी आणि सावकार यांच्याकडे जात होता. महिन्याच्या त्या तीस दिवसांची ही किंमत होती.

प्रेमा पुरव यांनी नेमकं हे ओळखलं. गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या, पुढे गिरणगावातल्या कामगार चळवळीत काम केलेल्या या बाईंनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. खाणावळवाल्यांना स्वयंपाक शिकवण्याची गरज नव्हती. त्यांना हवं होतं बँकेचं कर्ज, सावकारापेक्षा स्वस्त. तारण ठेवायला घर नाही, दागिना नाही, म्हणून बायांनी गट करून एकमेकींची हमी घेतली. कर्ज मिळालं, वाण्याला रोख देता येऊ लागलं. स्वयंपाक तोच आणि गिऱ्हाईकही तेच. पैशाची तारीख तेवढी बदलली.

१८ जानेवारी १९८२ पासून गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि जेवणाऱ्यांचे पगारच थांबले. खाणावळवाल्यांना त्याचा फटका बसणार हे उघड होतं. सगळी गिऱ्हाइकं एकाच पगारावर जगत असतील, तर तो पगार थांबला की चूलही थांबते, हा धडा गिरणगावानं फार महागात घेतला.

तारखांचाच दुसरा पुरावा कोलकात्याचा आहे. लहान कर्जांत साधारण पद्धत अशी, की कर्ज हातात पडलं की पंधरवड्यात पहिला हप्ता सुरू. कर्ज बुडू नये म्हणून ही शिस्त. पण मसाल्याचं यंत्र आणलं, तर पंधरा दिवसांत ते कमवून देईल का? मग बाई कर्जातलेच थोडे पैसे हप्त्यासाठी बाजूला ठेवते आणि यंत्राऐवजी लगेच विकला जाईल असा माल भरते. कोलकात्यात काही महिला कर्जदारांना पहिल्या हप्त्यासाठी दोन महिन्यांची सवड दिली गेली. तीन वर्षांनी पाहिलं, तर त्यांच्या धंद्याचा नफा इतरांपेक्षा सुमारे ४१ टक्क्यांनी जास्त होता. त्याबरोबर कर्ज थकण्याचं प्रमाणही वाढलं होतं, म्हणून बँका अशी सवड द्यायला का कचरतात तेही कळतं. तरी ‘ही बाई धाडस करत नाही, छोटंच काम करते’ असं म्हणताना तिच्या हप्त्याची तारीख आधी विचारावी असं मला वाटतं.

गच्चीवरचे पापड

भाव, डबा आणि तारीख या तिन्ही गोष्टी एकटीनं सांभाळणं कठीण, मग त्या संस्थेनंच सांभाळल्या तर? लिज्जत पापडाची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ असते : १५ मार्च १९५९, गिरगावातल्या लोहाणा निवासाची गच्ची, सात जणी, छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले ८० रुपये आणि पहिल्या दिवशी लाटलेली पापडाची चार पाकिटं. भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्यानं ती घेतली. जसवंतीबेन पोपट या त्या सात जणींपैकी एक, त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो आणि ती आहेच. मला मात्र तिच्यातली यंत्रणा जास्त मोलाची वाटते.

सुरुवातीला या बायकांनी दोन प्रतींचे पापड केले होते, एक चांगला आणि एक हलका, स्वस्तात विकायचा. पारेख यांनी सांगितलं की प्रत एकच ठेवा आणि हिशेब चोख ठेवा. देणगी घ्यायची नाही हे बायकांनी आधीच ठरवलं होतं. पहिल्या वर्षी विक्री झाली ६,१९६ रुपयांची. पावसाळ्यात चार महिने काम बंद ठेवावं लागलं, कारण पापड वाळणार कुठे? पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. पापड खाटेवर पसरले, खाली स्टोव्ह पेटवला आणि पावसातही काम सुरू राहिलं. उद्योजकता या जड शब्दाचा अर्थ कुणी विचारला तर मी ही खाट दाखवीन. अडचण रोजच्या डोळ्यांसमोरची, उपाय घरातल्याच वस्तूंचा, आणि वर्षाचे चार महिने परत मिळाले.

पुढे घडी बसली ती अशी. पीठ केंद्रावर मळलं जातं, त्यामुळे चव सगळीकडे सारखी. बाई सकाळी पीठ घरी नेते, सवडीनं लाटते, वाळवते आणि दुसऱ्या दिवशी पापड केंद्रावर आणते. तिथं वजन होतं, प्रत तपासली जाते आणि लाटण्याची मजुरी हातात पडते. आता ताईंच्या गळत्यांशी ताडून बघा. तासाची किंमत पहिल्या दिवसापासून मोजलेली आहे, कारण मजुरी वेगळी आणि नफ्यातला वाटा वेगळा. मालाचे पैसे घरच्या पाकिटात येतच नाहीत, त्यामुळे विरजण खाल्लं जाण्याची भीती नाही. आणि तारीख? खाणावळवालीला महिना थांबावं लागायचं, इथं एका रात्रीत मजुरी मिळते. आज ४५ हजारांच्या आसपास बायका या घडीत काम करतात आणि त्या नफ्या-तोट्याच्या भागीदार असतात.

पापडच का, यालाही कारण आहे. २०१९ च्या भारतातल्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जातो असं दिसलं, पुरुषांचा ९७ मिनिटं. ही २९९ मिनिटं सलग नसतात. दूध उतू जाऊ नये म्हणून दहा, शाळेच्या डब्याची वीस, सासऱ्यांच्या औषधाची पाच, अशी ती दिवसभर सांडलेली असतात. उरलेला वेळही मग तुकड्यांचाच. पापड लाटणं मधेच सोडता येतं, लाटणं ठेवून दार उघडता येतं. कढईत तेल तापलेलं असताना ते जमत नाही. तुकड्यांच्या वेळात बसणारी कामं बायका निवडतात, तीच सगळ्याजणी निवडतात, म्हणून तिथं गर्दी होते आणि भाव पडतो. बाईत कल्पकता नाही म्हणणाऱ्यांनी तिचं घड्याळ पाहिलेलं नसतं.

कर्ज तिच्या नावावर, धंदा कुणाचा?

श्रीलंकेत अर्थतज्ज्ञांनी २००५ मध्ये एक प्रयोग सुरू केला. लहान धंदेवाल्यांमधून चिठ्ठ्या टाकून काहींना थोडं भांडवल बिनपरतीचं दिलं, कुणाला रोख, कुणाला मालाच्या रूपात. पुरुषांच्या धंद्यांचा नफा चांगलाच वाढला. बायकांच्या धंद्यांचा सरासरीनं काहीच वाढला नाही. निष्कर्ष जगभर गेला आणि अनेकांना जे ऐकायचं होतं ते ऐकू आलं : बायकांना पैसा दिला तरी त्याचं सोनं होत नाही.

काही वर्षांनी रोहिणी पांडे, एरिका फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच आकड्यांकडे भारत आणि घाना इथली माहिती शेजारी ठेवून पुन्हा पाहिलं. त्यांनी फक्त एक प्रश्न वाढवला. घरात दुसरा धंदा आहे का? तिथं उलगडा झाला. जिथं नवऱ्याचाही धंदा होता, तिथं बायकोच्या नावावर आलेलं भांडवल बऱ्याचदा त्याच्या धंद्यात जात होतं. पैसा फळत होता, पण त्याच्या दुकानात, आणि मोजणी होत होती तिच्या दुकानाची. ज्या घरांत धंदा करणारी ती एकटीच होती, तिथं तिच्या भांडवलाला पुरुषांइतकंच फळ येत होतं.

हे वाचल्यावर मी बराच वेळ गप्प बसले. बचत गटाच्या बैठकीत कर्जाचा अर्ज भरताना ‘कशासाठी?’ या रकान्यात ‘शेळीपालन’ लिहिणाऱ्या आणि घरी गेल्यावर ते पैसे रिक्षाच्या दुरुस्तीला देणाऱ्या किती जणी आहेत, हे गटातल्या बायकांना ठाऊक असतं. रिक्षातून घरात जास्त पैसे येत असतील तर तो शहाणपणाचाच निर्णय असेल. पण मग शेळ्या वाढल्या नाहीत म्हणून तिला नापास करू नये. आणि तो निर्णय तिनं घेतला की तिच्या वतीनं घेतला गेला, हे विचारायचं राहू नये.

शिकवायचं काय आणि कुणाबरोबर?

बायकांसाठी उद्योगाचं प्रशिक्षण म्हटलं की आपल्याकडे मेणबत्त्या, अगरबत्त्या, मसाले, पिशव्या आठवतात. म्हणजे वस्तू कशी करायची ते. ती बहुतेकींना आधीच येत असते, नाहीतर लवकर जमते. त्यापुढची पायरी हिशेबाची. तिच्याही पुढे एक गोष्ट आहे आणि तिचा पुरावा पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशातून आला.

टोगोच्या राजधानीत, लोमे शहरात, १,५०० लहान धंदेवाल्यांचे तीन गट केले गेले. एकाला नेहमीचं व्यवसाय प्रशिक्षण दिलं : हिशेब, विक्री, कायदे. दुसऱ्याला पुढाकार शिकवला. गिऱ्हाइकाला अजून काय हवं आहे ते विचारणं, शेजारच्यांपेक्षा वेगळं काही काढणं, अडचण येण्याआधी तिची तयारी ठेवणं, नापसंती मिळाली तरी पुन्हा करून बघणं. तिसऱ्या गटाला काहीच शिकवलं नाही. दोन वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पुढाकाराच्या गटाचा नफा ३० टक्क्यांनी वाढलेला दिसला. नेहमीच्या प्रशिक्षणानं झालेली वाढ ११ टक्क्यांची, तीही खात्रीनं सांगता येऊ नये इतकी डळमळीत. फक्त बायकांचं पाहिलं तर फरक आणखी मोठा होता : पुढाकारानं ४० टक्के, नेहमीच्या प्रशिक्षणानं ५.

पुढाकार हा स्वभाव असतो असं आपण समजतो. कुणी धीट, कुणी बुजरी. पण तो शिकवता येतो, जसं पोहणं येतं. लहानपणी ज्यांना विहिरीत ढकललं गेलं ते पोहायला शिकले आणि ज्यांना काठावर बसवलं त्या ‘पाण्याला घाबरतात’ असं म्हटलं गेलं. आमच्या ताईंना कुणी इतकंच शिकवलं असतं, की ३२० रुपयांची चकली नेणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘दिवाळीनंतर काय लागतं तुम्हाला?’ एवढं विचारा, तर कदाचित भाजणीचं पीठ, उपवासाची भाजणी, थालीपीठाची भाजणी अशी वर्षभराची कामं निघाली असती. भाजणी तळावी लागत नाही, मोडत नाही आणि तुकड्यांच्या वेळात बसते.

कुणाबरोबर शिकायचं, याचं उत्तर अहमदाबादला मिळालं. १९७४ मध्ये सुरू झालेल्या सेवा बँकेच्या महिला खातेदारांना दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं गेलं. काहींना एकटीलाच बोलावलं, काहींना सांगितलं की एक मैत्रीण सोबत आणा. मैत्रिणीबरोबर आलेल्या बायकांनी नंतर कर्ज जास्त घेतलं, ते धंद्यासाठी वापरलं आणि चार महिन्यांनी त्यांच्या घरचं उत्पन्नही जास्त दिसलं. ज्यांच्या समाजात बायकांच्या वावरावर बंधनं जास्त होती, त्यांच्यात हा परिणाम अधिक ठळक होता. वर्गात ऐकलेलं घरी गेल्यावर विरतं. मैत्रीण मात्र आठवड्यानं दारात येऊन विचारते, ‘काय गं, गेलीस का बँकेत?’

माणदेशातला अंगठा

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं म्हसवड हे दुष्काळी गाव. चेतना गाला सिन्हा यांनी तिथल्या बायकांसाठी बँक काढायचं ठरवलं, कारण रोजच्या कमाईतून दोन-पाच रुपये मागे टाकू पाहणाऱ्या बाईचं खातं उघडायला कुणी तयार नव्हतं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला. होणाऱ्या सभासदांपैकी बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, अर्जावर अंगठे होते. बायका परतल्या, अक्षरं गिरवली आणि काही महिन्यांनी पुन्हा मुंबईला गेल्या. अधिकाऱ्यांना त्यांनी सांगितलं की आम्हाला वाचता येत नसेल पण मोजता येतं. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तुमच्या माणसांनीही यंत्राशिवाय काढावं, बघू कोण आधी सांगतं ते. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

बँकेत यायचं तर दिवसाची मजुरी बुडते, असं बायकांनी सांगितलं, म्हणून बँकेची माणसं त्यांच्या दारी, बाजारात जाऊ लागली. पुढे पैसे काढण्यासाठी गुप्त आकडा वापरायची सोय आली. बायकांनी तिला विरोध केला. आकडा कुणीही पाठ करील, घरातलं माणूसही, आणि घामाचे पैसे काढून नेईल. त्यांनी बँकेला वेगळी सूचना केली. आमचा अंगठा लावा, तो कुणाला चोरता येणार नाही. ज्या अंगठ्यामुळे पहिला अर्ज परत आला होता, त्याच अंगठ्यानं आता म्हसवडच्या बाजारात खातं उघडतं.